काडतूस कोणाच्या हाती?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अर्थशास्त्राच्या भाषेत बंदूक हे टिकाऊ भांडवल आहे, तर काडतूस हा एकदाच खर्च होणारा माल. निगा राखली तर रायफल शंभर वर्षे टिकते. पण तिच्या मापाचे काडतूस निघेनासे झाले की ती नुसती काठी उरते. म्हणून शस्त्राची खरी सत्ता काडतुसाचा पुरवठा ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे असते.

ब्रिटिशांनी हे पुरते ओळखले होते. 1857 च्या चरबी लावलेल्या काडतुसांची कथा आपण शाळेत शिकतो; पुढची शिकत नाही. 1869 साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला निःशस्त्र केले. 1888 साली ब्रिटिश फौजेने थ्री-नॉट-थ्री काडतूस स्वीकारले. पुढे तेच माप खाजगी परवानाधारकांना वर्ज्य ठरले आणि त्यांच्यासाठी .315 सारखी निराळी मापे आली. फौजेची काडतुसे चोरीला गेली, तरी ती रयतेच्या बंदुकीत चालू नयेत, हा त्यातील हिशेब. इंचाच्या अल्पशा अंशाचा हा फरक म्हणजे साम्राज्याने घातलेले कुलूपच होते.

1962 च्या युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊनच लढले. त्यानंतर इशापूरला 7.62 मिलिमीटरची रायफल तयार होऊ लागली. 1964 साली वरणगावचा कारखाना उभा राहिला. जुनी रायफल मात्र पोलिसांच्या खांद्यावर राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर तिची गाठ स्वयंचलित बंदुकांशी पडली. याला काटकसर म्हणता येणार नाही. ती शिपायाच्या जिवावर केलेली बचत होती.

याचा अर्थ जुने मोडीत काढताना कौशल्यही मोडीत काढावे, असा नव्हे. परदेशातील हौशी संग्राहक 1871 च्या मार्टिनी-हेन्रीसाठी 24 बोअरच्या पितळी पुंगळ्यांना नवा आकार देऊन काडतुसे करवून घेतात. छंदाला तो खर्च सोसतो. राष्ट्राच्या संरक्षणाला अशी उसनवारी परवडत नाही.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्याच वर्षी कामगारांच्या संपाला बंदी करणारा, एक वर्ष मुदतीचा कायदाही झाला. कंपनीचा ताळेबंद फक्त खपणारा माल ओळखतो. शांततेच्या काळात थांबलेले यंत्र त्याला तोटा वाटते; वस्तुतः ती देशाने भरलेली विम्याची रक्कम असते.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. कालबाह्य हत्यार शिपायाच्या हातून कायमचे काढून घ्या; आणि नवे काडतूस घडवणारा कामगार, त्याचे कसब व त्याचा संघटनेचा हक्क सार्वजनिक क्षेत्रात शाबूत ठेवा. ज्या देशाला काडतूस विकत आणावे लागते, त्याचे परराष्ट्र धोरणही फार काळ स्वतःचे राहत नाही.