रोमन आकड्यांची ओळख



कामगार चळवळीतल्या माणसाने रोमन आकड्यांवर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कायद्याची पुस्तके चाळता चाळता. आणि तिथे मला पहिली ठेच लागली ती या आकड्यांचीच.

जिनिंगमधल्या काही बदली कामगारांची तक्रार होती. वर्षानुवर्षे राबवून घेऊनही त्यांना कायम करीत नव्हते. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध जो कायदा केला, त्यात नेमकी हीच गोष्ट चौथ्या अनुसूचीत सहाव्या बाबीखाली घातली. इंग्रजी प्रतीत तो चार ‘आय-व्ही’ असा छापलेला. मी उतावळेपणाने ‘व्ही-आय’ वाचला आणि अर्जात सहावी अनुसूची लिहून मोकळा झालो. त्या कायद्यात सहावी अनुसूचीच नव्हती! अर्ज दुरुस्त करण्यात एक तारीख गेली. रोज बुडवून आलेली ती माणसे मला काहीच बोलली नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले.

चिन्हे सातच आहेत. आय ही उभी काडी म्हणजे एक. व्ही पाच, एक्स ही फुली दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. लहान चिन्ह मोठ्याच्या मागून आले की मिळवायचे, आधी आले की वजा करायचे. म्हणून आय-व्ही चार आणि व्ही-आय सहा. ही रीत आपल्याला उफराटी वाटते खरी, पण आपली जीभ रोज तेच करते. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा. मोंढ्यात कोणी पावणेदोन क्विंटल म्हणतो, तेव्हा तो दोनातून पाव काढतो. गंमत म्हणजे रोमन लोक लॅटिनमध्ये बोलताना एकोणिसाला ‘विसाला एक कमी’ असेच म्हणत. लिहिताना मात्र दहा आणि नऊ, म्हणजे एक्स-आय-एक्स!

वजा करण्यालाही मर्यादा आहे. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी बसतो, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. तेव्हा नव्याण्णव म्हणजे ‘आय-सी’ नव्हे. नव्वद वेगळे, नऊ वेगळे: एक्स-सी, आय-एक्स. जुन्या घड्याळांवर चाराच्या जागी सरळ चार काड्या दिसतात, तो घड्याळजींचा रिवाज. त्याने गोंधळू नये.

आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो ते १९४८ साल लिहून पाहू. हजाराचा एम, नऊशेचे सी-एम, चाळिसाचे एक्स-एल, आठाचा व्ही आणि तीन काड्या. वाचताना डावीकडून बोट ठेवीत जावे आणि पुढचे चिन्ह मोठे आहे का, एवढेच पाहावे. आपल्या चार अंकांसाठी इथे नऊ चिन्हे लागली. यांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. हातच्याची बेरीज मांडून पाहा म्हणजे कळेल. १२०२ साली इटलीच्या फिबोनाचीने आपल्या ग्रंथातून हिंदी अंकांची रीत युरोपला समजावून दिली, ती काही उगाच नव्हे.

आता राज्यघटनेची इंग्रजी प्रत उघडा. तिच्या भागांना हेच आकडे आहेत. तीन काड्यांचा भाग मूलभूत हक्कांचा. संघटना करण्याचा हक्क त्यात, १९ व्या अनुच्छेदात आहे. सरकारने तो हिरावला तर न्यायालयात जाता येते. पुढचा आय-व्ही भाग मार्गदर्शक तत्त्वांचा. कामगाराला निर्वाह वेतन मिळावे हे त्यात, ४३ व्या अनुच्छेदात आहे. आणि या भागातले काही न्यायालयाकरवी बजावून घेता येणार नाही, असे ३७ वा अनुच्छेद सांगतो. सभेत एखादा तरुण कार्यकर्ता घटनेतले निर्वाह वेतन कोर्टातून मिळवू म्हणून गर्जतो, तेव्हा मी त्याला हळूच विचारतो, “बाबा रे, कितव्या भागात आहे ते?”

त्याच्या पुढे ‘आय-व्ही-ए’ असाही एक भाग दिसेल. त्यातला ए हा आकडा नव्हे, साधे अक्षर आहे. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा भाग मध्ये घातला; पुढचे आकडे बदलावे लागू नयेत म्हणून त्याला हे शेपूट जोडले.