धुरावरून अग्नी, ठशावरून वाघ

न्यायशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोंगराचे आहे. डोंगरावर धूर दिसतो. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. सेमाडोहला, सिपना नदीच्या काठी, हे उदाहरण पोथीतले राहत नाही. मोहाची फुले गळू लागली की मेळघाटच्या उतारांवर धुराच्या रेघा उठतात, आणि त्या धुरावरून कोण काय अनुमान काढतो यावर कोरकू माणसाचे घर आणि चूल अवलंबून असते.

नैयायिकांनी अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. यांपैकी सारा भार उदाहरणात सांगितलेल्या व्याप्तीवर पडतो : जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी. हे वाक्य उलटे फिरवता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायचा तर इंधन ओले हवे. या दडलेल्या अटीला 'उपाधी' असे नाव आहे. भारतीय तर्कशास्त्रातील ही अत्यंत मोलाची कल्पना. पाठशाळांत मात्र ती घोकण्यापलीकडे फारशी गेली नाही. चार्वाकांनी तर व्याप्तीवरच बोट ठेवले : भूत-भविष्यातील सारे धूर पाहिले कोणी? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने कार्यकारणभावाविषयी जवळजवळ हीच शंका काढली. विज्ञानाने ती शंका मिटविली नाही. नियमाला प्रतिकूल असे उदाहरण मुद्दाम शोधायचे आणि ते सापडेपर्यंतच नियम मानायचा, एवढी शिस्त त्याने अंगी बाणवली.

आता धुराकडे पुन्हा पाहावे. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. तो कोणी लावला हे सिद्ध होत नाही. मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची चाल जंगलातल्या गावांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जाळरेषा वनखातेही जाळते, आणि वाटसरूच्या विडीनेही गवत पेटते. 'मोहाच्या दिवसांत वणवा लागतो, मोह कोरकू वेचतो, म्हणून वणवा कोरकूने लावला' या युक्तिवादातील उपाधी उघड आहे : त्याच दिवसांत गवत आणि पाने वाळून गेलेली असतात, मग ठिणगी कोणाचीही असो.

वाघांच्या गणतीचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १९७२ साली देशभर गणती झाली आणि १,८२७ हा आकडा निघाला. मेळघाट १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. गणतीची रीत ठशांची होती. पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा आणि ठसा निराळा दिसला की वाघ निराळा मानायचा. (ठसा ताजा की शिळा हे ओळखणारी नजर बहुधा रोजंदारीवरील मजुराची; आकडा साहेबाच्या सहीचा.) परंतु एकाच वाघाचा ठसा धुळीत एक आणि ओल्या रेतीत दुसरा उमटतो, चालताना एक, धावताना दुसरा. म्हणजे हेतू साध्याला सोडून भटकतो. नैयायिक याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. हा हेत्वाभास सरकारी दप्तरात तीस वर्षांहून अधिक काळ सुखाने नांदला. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कळले की जंगलात एकही उरलेला नाही.

त्यानंतर कॅमेऱ्याची पद्धत देशभर आली. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून हा हेतू सहसा भटकत नाही. न दिसलेल्या वाघांचेही अनुमान निघते. समजा, पहिल्या खेपेस वीस वाघ टिपले. दुसऱ्या खेपेसही वीस, पण त्यांतील दहा ओळखीचे. म्हणजे ओळखीचे निम्मे. तेव्हा पहिले वीस हेही एकूण संख्येच्या निम्मे असावेत, आणि एकूण सुमारे चाळीस. २००६ च्या देशव्यापी गणतीत १,४११ हा अंदाज निघाला, आणि त्यासोबत चुकीची मर्यादाही छापली गेली. आपली चूक किती असू शकते हे आकड्याशेजारी लिहिणारे अनुमान अधिक विश्वासार्ह होय.

ही सावधगिरी गावे उठविताना कोठे जाते? मेळघाटातील पुनर्वसने बोरी, कोहा, कुंड या गावांपासून सुरू झाली. गाव उठले, वाघ वाढले. म्हणून गाव हेच वाघाचे संकट, असे सांगितले जाते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये घालून दिलेली अट अशी की बाकी साऱ्या बाबी समान राहून एकच बदलली, तरच तिला कारण म्हणावे. गाव उठते तेव्हा माणसे जातात, गुरे जातात, शेतांची कुरणे होतात, पहारा वाढतो, निधी येतो. गुरे गेल्यावर गवत वाढते, गवताबरोबर सांबर-चितळ, आणि त्यांच्यामागे वाघ, ही साखळी बऱ्याच अंशी खरी आहे. पण तिच्यातून गुरांची संख्या आणि चराईची जागा यांविषयी काही सिद्ध होते; माणसाने तेथे राहूच नये, हे होत नाही.

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगर २०११ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आणि त्याच वर्षी तेथील सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. पुढील गणतीत तेथील वाघ वाढलेले आढळले. एवढ्यावरून मेळघाटातील प्रत्येक गाव जेथल्या तेथे राहावे असे ठरत नाही. 'माणूस असेल तेथे वाघ टिकत नाही' ही व्याप्ती तेवढी मोडते, आणि हलविण्याचा सरसकट युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

सिद्धतेचा भार कोणावर, हे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) ने सांगितले आहे. हक्कधारकांच्या वावराने कधीही भरून न निघणारी हानी होते, आणि सहजीवनासारखा दुसरा वाजवी पर्याय उरत नाही, हे शासनाने आधी ठरवावे. मग ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती लेखी घ्यावी. वन्यजीव कायद्यातील व्याघ्रप्रकल्पांविषयीची त्याच वर्षाची दुरुस्तीही हेच सांगते. म्हणजे संमतीचा कागद समोर येण्यापूर्वी ग्रामसभेने विचारायचे प्रश्न असे : अभ्यास कोणता, किती ऋतूंचा, गुरे किती मोजली, आणि जेथे गाव राहिले अशा शेजारच्या जंगलाशी तुलना केली काय? तो अभ्यास मराठीत मिळावा आणि सभेत कोरकूतून समजावून सांगितला जावा, ही मागणी ठरावात घालता येते.