पोलिसांची नजर आणि पोलिसांची वाचा

(नारायण पेठ, पुणे येथील व्याख्यान)



याच नारायण पेठेतील गायकवाड वाड्याची १९०८ साली पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा टिळकांच्या कागदपत्रांत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या स्फोटक कायद्यावर टीका करण्यासाठी ती टिपली होती, हा टिळकांचा खुलासा न जुमानता ते कार्ड राजद्रोहाच्या खटल्यात पुरावा म्हणून आले. परंतु ते न्यायालयात मांडले गेले आणि आरोपीला त्यावर बोलता आले, एवढे तरी परकीय सरकारच्या पदरी टाकले पाहिजे.

३१ ऑगस्ट २०१८ रोजी महाराष्ट्र पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणातील पत्रे पत्रकार परिषदेत वाचून दाखविली, तेव्हा आरोपपत्र दाखल व्हायचे होते. २८ सप्टेंबरला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. अर्थात ते अल्पमताचे निकालपत्र होते. आता पत्रकार परिषदेचीही गरज नाही. पोलिसांच्या खात्यावरून संशयिताचे छायाचित्र प्रसृत झाले, की पुढे तो निर्दोष सुटला तरी ते कोणाकोणाच्या फोनमधून परत आणणार?

नजरेचा प्रश्न याहून अवघड आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरापायी अटक झाली. एकीने तर तो केवळ पसंत केला होता. त्यात वापरलेले ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले आणि २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. टेलिफोन चोरून ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी हुकूम, दोन महिन्यांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती हवी, हे त्याच न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले होते. समाजमाध्यमांवरील पाळतीला असे कुंपण का नसावे?

चव्हाट्यावर लिहिलेले पोलिसांनी वाचले तर बिघडले कोठे, असा सवाल येतो. वाचण्यात काहीच बिघडत नाही. लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्याकडे हवालदाराने पाहावेच. पण तोच हवालदार वर्षभर एकाच माणसामागे चालू लागला आणि तो कोणाशी बोलला याची वही ठेवू लागला, तर त्याला गस्त म्हणत नाहीत.

२०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने गुन्हे-तपासाला बहुतेक बंधनांतून मोकळीक दिली आहे. म्हणून पाळतीचा हुकूम कोणी दिला, कोणत्या गुन्ह्यासाठी दिला आणि जमविलेली माहिती केव्हा नष्ट होणार, हे नियमाने बांधले पाहिजे. फरारी आरोपी सोडल्यास दोषसिद्धीपूर्वी कोणाचा चेहरा वा पत्ता पोलिसांच्या खात्यावर येता कामा नये. हे नियम गृहखात्याच्या परिपत्रकात दडून राहू नयेत. त्यांचा मसुदा मराठीत प्रसिद्ध व्हावा, त्यावर हरकती मागवाव्यात आणि मगच तो विधिमंडळापुढे ठेवावा.