मुदत गेली की खरं खोटं होतं का?

(कल्याण येथील कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच छापलं आहे, थोडं नीट केलं आहे.)



सकाळी एका पोराने विचारलं, "कचेरीत सांगतात, तुमचं म्हणणं तेव्हा खरं असेल, पण आता मुदत गेली. मग मुदत गेली की खरं खोटं होतं का?" जेवतानाही त्यावरच बोलणं चाललं होतं. पोराने बरोबर जागेवर बोट ठेवलंय. म्हणून आज दुसरं काही न घेता यावरच बोलतो.

जंगलचा कायदा १९२७ चा. त्याच्या आधी १८७८ चा होता. त्यात काय आहे? सरकारने कलम ४ खाली जाहीर केलं, की अमुक रान राखीव करायचं आहे. मग कलम ६ ची नोटीस निघते, की ज्याचा हक्क असेल त्याने येऊन सांगावं. मुदत कमीत कमी तीन महिने. कोणी आलं नाही, आणि साहेबाला चौकशीतही काही कळलं नाही, तर कलम ९ म्हणतं की तो हक्क संपला. उशीर का झाला याचं सबळ कारण दिलं तर ऐकतात, पण तेही शेवटचा हुकूम निघायच्या आत.

आता आपल्याकडे बघा. आज्याने डोंगर फोडला, नागली-वरई पेरली. बापाने दगड रचून बांध घातला. नोटीस गावात कुठे लागली असेल, पाड्यावर कोण आलं? आणि आलं असतं तरी वाचणार कोण होतं? तीन महिने निघून गेले. शेत तिथंच, नागली तिथंच, माणूस तिथंच राब भाजतोय. वहीत मात्र तो नाही. यात बदललं काय? वही बदलली. शेत बदललं नाही.

शाळेत पोरं शिकतात की पृथ्वी सूर्याभोवती फिरते. पूर्वी लोक उलटं मानत. म्हणून काय पूर्वी सूर्य फिरत होता आणि मग एके दिवशी थांबला? माणसाला कळायला वेळ लागला, एवढंच. घडलेलं एक असतं, कळलेलं दुसरं, आणि सरकारने मानलेलं तिसरं. कचेरीत गेल्यावर या तिन्हींचा काला करून आपल्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, घ्या, हेच खरं.

मानलेलं कसं बदलतं ते सांगतो. २७ डिसेंबर १९७८ ला महाराष्ट्र सरकारने ठराव केला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायची. तोपर्यंत तुम्ही चोर होता. ठराव झाल्यावर तुम्ही पात्र झालात, आणि पुरावा मागायला लागले. पुरावा कोणता? दंडाची पावती! ज्या कागदाने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आता सांगणार की तुम्ही तेव्हा जमीन कसत होता. पण ज्याने गार्डला कोंबडी दिली, त्याला पावती कुठून मिळणार? कोंबडीची पावती कोणी फाडत नाही. नडलेल्या माणसाकडे पुरावा आहे, घाबरलेल्याकडे नाही. दोघांची शेतं एका बांधाला लागून, दोघांनी एकाच पावसाळ्यात खणलेली.

मग २५ ऑक्टोबर १९८० ला दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला. आता केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी जे देतो म्हणाले होते, ते लटकलं. एकसाली प्लॉटवाल्यांचं तर विचारूच नका. कागदावर एक साल, शेतात दोन पिढ्या.

आणि इथंच, या कल्याण-डोंबिवलीत, उल्हासनगरात बघा. परवानगी न घेता चार मजले चढवतात. पाच-दहा वर्षं जातात, लोक राहायला येतात, वीज येते, नळ येतो. मग म्हणतात, आता एवढे लोक राहतात, दंड घेऊन नियमित करा. राहणाऱ्या गरिबाबद्दल माझी तक्रार नाही. पण शहरात जितका काळ जातो तितकं बांधकाम पक्कं होतं, आणि आपल्याकडे जितका काळ जातो तितका माणूस कच्चा होतो. काळ तोच आहे ना? ठाण्याचं घड्याळ आणि पाड्यावरचं घड्याळ वेगळं चालतं का?

कोणी म्हणेल, पण काही गोष्टी खरोखरच बदलतात. बदलतात की. १९३८ साली सायमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला सरकारने आदिवासींची चौकशी करायला लावलं होतं. त्याने वेठ लिहून ठेवली, लग्नगडी लिहून ठेवला. लग्नाला कर्ज काढलं म्हणून नवराबायको सावकाराच्या घरी राबायचे. वारली हेच पूर्वीपासून सांगत होता. साहेबाने लिहिल्यावर ते सरकारला कळलं, आणि कळूनही वेठ चालूच राहिली. ती मोडली १९४५ च्या उठावाने. १० ऑक्टोबरला तळवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. त्यानंतर 'वारली वेठ करतो' हे वाक्य खोटं पडत गेलं. ते काळाने आपोआप खोटं केलं नाही, माणसांनी केलं. पण '१९४० साली वेठ होती' हे वाक्य कोणाचा बाप खोटं करू शकत नाही. म्हणून कोणी काही सांगितलं की विचारा, कधीचं? साहेब म्हणाला, हे जंगल आहे. विचारा, कधीपासून? कोणत्या तारखेच्या कागदावर? त्या तारखेला इथं कोण होतं?

लांबचं एक सांगतो. ऑस्ट्रेलियात गोरे गेले आणि त्यांच्या कायद्याने दोनशे वर्षं धरून चालवलं, की आम्ही आलो तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती. तिथं मरे नावाचं बेट आहे. तिथला एडी माबो आणि त्याचे चार सोबती १९८२ ला कोर्टात गेले. म्हणाले, आमच्या बागा बापाकडून पोराकडे आल्यात, हद्दी आम्हाला ठाऊक आहेत. ३ जून १९९२ ला तिथल्या सर्वोच्च कोर्टाने मान्य केलं, की जमीन ओसाड नव्हती, लोकांची होती. माबो त्याच साली जानेवारीत वारला होता. निकाल ऐकायला तो राहिला नाही. कोणी मला सांगू नये की खरं कधीतरी वर येतंच, धीर धरा. धीर धरणारा मरतो.

आपल्याकडेही १९९१ ला सुप्रीम कोर्टाने आपल्या दाव्यांची नीट चौकशी करायला सांगितलं. म्हणजे तेव्हा दार थोडं उघडलं.

आता जरा कडू बोलतो. आपल्यातले काही जण तीन वर्षांपूर्वी तोडलेला तुकडा ७८ च्या आधीचा म्हणून लिहायला लागलेत. पाड्याला माहीत असतं. गार्डलाही माहीत असतं. तो त्या एका तुकड्यावर नेमका बोट ठेवेल आणि म्हणेल, बघा, सगळेच असे. मग शेजारच्या म्हातारीचा खरा दावा बुडतो. नव्या तुकड्यासाठी भांडायचं असेल तर नवा म्हणून भांडू, पोटाला लागतं म्हणून भांडू. पण साल खोटं घालू नका.

साल काढायचं कसं? म्हाताऱ्याला १९६८ की ६९ विचारून काय उपयोग? त्याला विचारा, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलात त्याच्या आधी शेत काढलं की नंतर? आणीबाणी होती का? थोरला पोरगा पाठीवर होता की चालत होता? हे बायकांना विचारा, त्यांना पक्कं आठवतं. लावणीला पहिल्यांदा कोणत्या पोटाने वाकले, ते बाई विसरत नाही. बांधावरचा आंबा कोणी लावला, जोतं कधीचं, वाघदेवाचा दगड शेताच्या कोणत्या अंगाला, हे सगळं लिहा. दोन शेजाऱ्यांची साक्ष घ्या, अंगठा घ्या, पाड्यासमोर वाचून दाखवा, आणि कोणी नाही म्हणालं तर तेही लिहा.

पुढच्या अमावस्येच्या आत प्रत्येक पाड्याची वही पुरी करायची आहे. म्हातारी माणसं आधी घ्या, पोरांचे जबाब नंतर झाले तरी चालतील. दंडाच्या पावत्या असतील तर मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, तलाठ्याच्याही नाही, नक्कल द्या. आणि येताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, पाऊस तोंडावर आलाय.