हायस्कूल कोणाच्या पैशानें?

(चेंबूर येथील पालकसभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



शेतकरी, सुतार, कुंभार, चांभार अशी तुम्ही मंडळी हातचें काम टाकून आलां आहां, म्हणून थोडक्यांत बोलतों. येथून आगगाडीनें बोरीबंदरास उतरून धोबीतलावाकडे निघालें, कीं एल्फिन्स्टन हायस्कुलाची जुनी दगडी इमारत लागते. तिच्याकडे बोट दाखवून लोक मोठमोठीं नांवें घेतात. त्या नांवांमागचा खर्च कोणीं सोसला, तेवढेंच मी सांगणार आहें.

दादाभाई नवरोजी चार वर्षांचे असतांना वडील वारले. आई माणेकबाई निरक्षर. हें हायस्कूल ज्या संस्थेंतून पुढें निघालें, तिच्या शाळेंत तेव्हां फी नव्हती, म्हणून पोर शिकलें. फी असती तर आईला ती झेपली नसती, असें दादाभाईंनींच पुढें सांगितलें. तेच दादाभाई १८९२ सालीं विलायतच्या पार्लमेंटांत निवडून गेले.

दुसरे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. १९०७ सालीं ते याच हायस्कुलांतून मॅट्रिक झाले. शाळा सरकारी, दार उघडें. पण आंत संस्कृत शिकूं दिलें नाहीं, फारसी घ्यावी लागली. फळ्याकडे बोलाविलें, तर इतर मुलें आपले जेवणाचे डबे उचलावयास धांवलीं. परळच्या चाळींतल्या एका खोलींत वडील रामजी मुलाला रात्रीं दोन वाजतां अभ्यासास उठवीत. पुस्तकांना पैसा नसला, तर सासरीं नांदणाऱ्या लेकींकडून दागिना मागून आणीत व गहाण ठेवीत. मॅट्रिक झाला भाऊ. दागिना गहाण पडला बहिणीचा. त्या बहिणींसाठीं कोणतें हायस्कूल होतें?

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. आज २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण आहे. पण हायस्कुलाची खरी चढण चौदाव्या वर्षींच लागते! तेथेंच आमच्या घरांत हिशोब होतो : मुलगा कामावर, मुलगी चुलीपाशीं.

म्हणून माझें मागणें असें. लग्नाच्या मांडवाचा खर्च निम्मा करा आणि तो पैसा पोराच्या, तसाच पोरीच्याहि, दहावीला लावा. फीपायीं कोणाचें मूल घरीं बसलें, तर आळीनें वर्गणी करून ती भरा. उद्यांच आपापल्या आळींत फिरून आठवीनंतर शाळा सुटलेलीं मुलें मोजा, आणि पुढल्या सभेस तो आंकडा घेऊन या.