लेक कामाच्या छावणीला निघाली, तर

आज आम्ही जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली घर सोडून एकत्र राहतात आणि महिनोन्‌महिने झाडं लावतात, माती अडवतात, जंगलातल्या वाटा दुरुस्त करतात. राहणं-जेवण तिथंच आणि वर थोडा पगार. अमेरिकेत अशी निसर्गरक्षणाची दलं आहेत.

आपल्याला यावरून कॉलेजचं एनएसएसचं शिबिर आठवेल. १९६९ साली ही योजना सुरू झाली आणि तिचं खास शिबिर सात दिवसांचं असतं. या सात दिवसांसाठीसुद्धा कितीतरी घरांत मुलीला परवानगी मिळत नाही. मग वर्षभराचं नाव काढलं तर काय होईल? नुसतं ‘नको’ म्हणण्याआधी आपण काय पाहावं, हे आज बोलू या. त्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगतो.

१९२९नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, तरुण पोरं कामासाठी गावोगाव भटकू लागली. त्याच काळात जंगलं तोडून डोंगर उजाड झाले होते आणि शेतांतली माती वाऱ्या-पाण्यानं चालली होती. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलं. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर हे त्याचं नाव. साधारण दोनशे पोरांची एक छावणी. दिवसा झाडं लावायची, उतारावर आडवे बांध घालायचे, ओघळी बुजवायच्या, वणव्यासाठी रस्ते काढायचे. संध्याकाळी वर्ग भरायचे आणि कित्येक पोरं तिथंच लिहाय-वाचायला शिकली. १९४२पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यात राहून गेले आणि त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. पोराला महिन्याला ३० डॉलर मिळायचे. त्यातले २५ डॉलर बहुतेकांच्या घरी परस्पर पाठवले जायचे. घरातले दोन हात कमी झाले, की त्यांचं काम कुणाच्या तरी अंगावर पडतं. बहुतेक वेळा आईच्याच. ते २५ डॉलर घरी येत होते म्हणून गरिबाघरच्या आईला पोराला ‘जा बाबा’ म्हणता आलं.

आणि मुलींचं काय? त्यांना या दलात जागाच नव्हती. काम तर त्यांनाही नव्हतं, त्यांच्याही घरी चूल पेटत नव्हती. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आणि मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी हा प्रश्न लावून धरला. पर्किन्सबाई त्या देशाच्या पहिल्या महिला मंत्री. मग १९३३ साली न्यूयॉर्क राज्यात मुलींची पहिली छावणी निघाली, पुढं आणखी निघाल्या. पण लोकांनी त्यांची थट्टा केली. पोरांचं दल ‘सी-सी-सी’, म्हणून पोरींचं ‘शी-शी-शी’! तिकडं ‘शी’ म्हणजे ‘ती’. आपल्या मराठी कानाला ते आणखीच लागतं. पोरांसारखी मजुरी मुलींना नव्हती, हातखर्चापुरते पैसे मिळायचे. मुक्काम थोड्या आठवड्यांचा. १९३७ साली या छावण्या बंद झाल्या. तिकडं ३० लाख पोरं आणि इकडं जेमतेम साडेआठ हजार मुली!

मुलींना माती-दगडाचं काम झेपत नाही, असं कुणी म्हणालं तर आपण हसू. १९७२च्या दुष्काळात आपल्याच आया-आज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर घमेली वाहिली, नालाबांध घातले. महाराष्ट्रात पाणी अडवण्याचं केवढं तरी काम बायकांच्या डोक्यावरून गेलंय. पण बांधाची आखणी कशी करायची, लेव्हल कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवलं नाही. हजेरीपटावर अंगठा घेतला आणि काम संपलं. बाई घमेलं उचलणारीच राहिली, मुकादम मात्र पुरुष झाला.

म्हणून आम्हाला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९७६ साली कॅलिफोर्निया राज्यानं गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या काळात स्वतःचं असं दल काढलं. ते आजही चालू आहे. त्यात अठरा ते पंचवीस वयाची मुलं आणि मुली दोघंही आहेत. मुलीही करवत चालवतात, डोंगरात पायवाटा बांधतात, वणवा किंवा पूर आला की धावून जातात. शाळा अर्धवट राहिली असेल तर ती पुरी करता येते. त्यांचं घोषवाक्य मोठं गमतीचं आहे: कष्ट फार, पगार कमी, हाल भरपूर, आणि बरंच काही! काही न लपवता आधीच सांगून टाकलेलं बरं, नाही का?

मैत्रिणींनो, उद्या आपल्या लेकीला, सुनेला, भाचीला अशी संधी आली, मग ती एखाद्या संस्थेच्या पाणलोटाच्या कामाची असो की वनखात्याच्या प्रशिक्षणाची, तर एवढं विचारून घ्या. झोपायची खोली कुठली, दाराला आतून कडी आहे का, संडास-न्हाणी जवळ आहे का, रात्री जबाबदार बाई कोण असणार? पगार किती, आणि तो तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा होणार का? तिच्या हातात नुसतं घमेलं देणार, की आखणी, मोजमाप, रोपवाटिका हेही शिकवणार? आणि निघताना पुढं कामी येईल असा दाखला मिळणार का?

‘सेवा आहे, पैसे कसले मागता?’ असं कुणी म्हणेल. सेवेला आमचा विरोध नाही. पण फुकटची सेवा ज्याच्या घरी भाकरी आहे त्यालाच परवडते. जिच्या मजुरीवर घर चालतं ती पोर मागंच राहते.

आणखी एक प्रश्न आपल्या घरातही विचारायला हवा. ती गेल्यावर तिचं पाणी कोण भरणार? उत्तर ‘आई’ असंच येणार असेल, तर भावाला आणि बापाला हंडा आत्ताच दाखवून ठेवा.

छावणीबद्दल समाधानकारक उत्तरं मिळाली, तर लेकीला जाऊ द्या. परत येईल तेव्हा ती बांधावर उभी राहून सांगेल, ‘उतार इकडं आहे, चर इथून घ्या.’ आणि गावाला ते ऐकावं लागेल. तुमच्या घरची कुणी अशा कामाला जाऊन आली असेल, तर आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात तिलाच बोलतं करू.