बोट पहिल्या अक्षरावर

(मंठा येथील बचत गटांच्या मेळाव्यात, आपापल्या गटात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या ताईंसाठी केलेले भाषण. शक्यतो बोलल्याप्रमाणेच दिले आहे.)

सावित्रीमाईंना वंदन करते. त्यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या पुस्तकात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. तेव्हा हा विषय काही कालपरवाचा नाही.

विषयाचं नाव घेतलं तशा मागच्या दोघी-तिघी हसल्या. 'आता या वयात काय विंग्रजी?' असंच ना? हसा, पण ऐका. फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवा असं मी सांगायला आले नाही. तीस दिवसांत इंग्रजी शिकवतो म्हणणाऱ्या पाट्या लय झाल्या, त्यांचं त्यांच्यापाशी. मी बोलणार आहे ते आपल्या फोनमध्ये, पासबुकात, गोळ्यांच्या पाकिटावर आलेल्या इंग्रजीबद्दल. ती आपण बोलावली नाही, ती आपणहून घरात आलीय.

बघा, महिन्याला लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये येतात. फोन वाजतो. मेसेज इंग्रजीत. मग ती बाई फोन घेऊन पोराकडे जाते. पोरगं घरी नसलं तर पुतण्याकडे, नाहीतर किराणा दुकानावर. म्हणजे पैसे आलेत हे आधी दुकानदाराला कळतं, मग तिला. आणि दुकानदाराला कळलं की उधारीची वही निघतेच! पोरगं म्हणतं, 'आई, अजून नाही आले.' खरं की खोटं, तिनं कशावरून ठरवायचं? शिकवायला सुरुवात करायची ती इथून. आपल्या पैशाची बातमी आपल्याला पहिल्यांदा कळली पाहिजे.

आता शिकवणाऱ्या ताईंनो, तुम्ही दहावी-बारावी झालेल्या सुना, मुली आहात. तुमच्या डोक्यात शाळेची रीत बसलेली असते, फळ्यावर ए बी सी डी काढायची, सव्वीस अक्षरं घोकून घ्यायची. लहान पोराला ते चालतं, त्याच्यापाशी बारा वर्षं आहेत. पन्नाशीच्या बाईला आठवड्यातली पंधरा मिनिटं मिळतात. ती दुसऱ्या बैठकीला 'एफ'वर अडकते आणि तिसऱ्या बैठकीला 'डोकं दुखतंय' म्हणून येत नाही.

तिला काय येतं ते आधी मोजा. बँक, लोन, मीटिंग, फॉर्म, झेरॉक्स, चार्जर, स्टार्टर, डीपी, मोटर, इंजेक्शन, सलाईन. कुठल्याही बैठकीत बसून मोजा, शंभर-दीडशे इंग्रजी शब्द बायका बोलता बोलता वापरतात. कानाला ओळखीचे आहेत, डोळ्याला नाहीत एवढंच. तांड्यावरच्या आपल्या ताई घरी गोरमाटी बोलतात, बाजारात मराठी बोलतात. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या बाया तिथल्या दुकानात कानडीत मीठ-मिरची मागतात. त्यांना कुणी पुस्तक दिलं होतं? काम पडलं, शब्द आला. ब्राझील देशात पाउलो फ्रेरे नावाचे शिक्षक होते. त्यांनी १९६३ साली अंगिकोस या गावी सुमारे तीनशे मजुरांना साधारण चाळीस तासांत वाचायला शिकवलं, ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. भाषा त्यांची स्वतःचीच होती, आपली गोष्ट थोडी अवघड आहे. पण रीत तीच घ्या.

पहिला धडा स्वतःच्या नावाचा. पुस्तक आधीच घरात आहे, आधार कार्ड. त्यावर नाव वर मराठीत, खाली इंग्रजीत. झेरॉक्स काढा आणि तिच्या बोटानं एकेक अक्षर जुळवून घ्या. इथं एक गोष्ट नीट समजावून सांगा, कारण पुष्कळ जणी इथंच गोंधळतात. मराठीत 'लता' दोन अक्षरांची, इंग्रजीत चार : एल, ए, टी, ए. का? तर आपला काना त्या अक्षरालाच चिकटलेला असतो, इंग्रजीत तो 'ए' होऊन शेजारी वेगळा पाट मांडून बसतो. आणि 'ल'मधला जो 'अ' आपण कधी लिहीतच नाही, तोही तिथं लिहावा लागतो. मग गावाचं नाव घ्या. मंठा : एम, ए, एन, टी, एच, ए. अनुस्वाराच्या टिंबाचा 'एन' झाला आणि एकट्या 'ठ'ला 'टी' आणि 'एच' अशी दोन माणसं लागली. हे फळ्यावर काढलं की बायका खुदुखुदू हसतात, आणि हसलेलं ध्यानात राहतं. स्वतःचं नाव, आडनाव आणि गाव एवढ्यात दहा-बारा अक्षरं न घोकता येतात.

लगेच पासबुक शेजारी ठेवा. आधारवर सुनीता 'आय'नं आणि पासबुकात डबल 'ई'नं असेल तर ते तिला स्वतःला दिसलं पाहिजे. या एका अक्षरापायी केवायसी अडते, मजुरी बुडवून चकरा माराव्या लागतात. काउंटरवर 'नाव जुळत नाही' एवढंच सांगतात. कुठलं अक्षर जुळत नाही हे बोट ठेवून सांगता आलं की निम्मं काम होतं.

दुसरा धडा मेसेजचा, आणि यावर महिनाभर घालवा. दोनच शब्द : क्रेडिटेड आणि डेबिटेड. क्रेडिटेड म्हणजे जमा, पहिलं अक्षर 'सी', तोंड उघडं असलेलं. दार उघडं, पैसा आत. डेबिटेड म्हणजे खात्यातून गेले, पहिलं अक्षर 'डी', मोठं असेल तर अर्ध्या भाकरीसारखं. भाकरी अर्धी झाली, पैसा गेला. लहान 'डी' मात्र वेगळा दिसतो, एक गोल आणि त्याच्या उजव्या हाताला उभी काठी. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच आहे, म्हणून नजर शेवटी न्यायचीच नाही. बोट पहिल्या अक्षरावर.

आता इंग्रजीचा नखरा बघा. पासबुकात 'डिपॉझिट' असा रकाना असतो. तोही 'डी'वरूनच, आणि तिथं तर पैसा जमा होतो! हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाई घाबरते आणि पुन्हा फोन पोराच्या हातात जातो. तोडगा सोपा आहे. अक्षरावर शंका आली की आकड्यावर जायचं. शिल्लक वाढली की आले, घटली की गेले. शिल्लक कळायला कुणाच्या इंग्रजीची गरज नाही.

हिशेब आपल्या बायकांचा पक्का असतो. साताऱ्याकडं म्हसवडला चेतना सिन्हा यांच्यासोबत बायकांनी बँक काढायचं ठरवलं. अर्ज रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला, बायका अंगठेबहाद्दर म्हणून. त्या वर्गात बसल्या, लिहा-वाचायला लागल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा साहेबांना म्हणाल्या, व्याज काढायला सांगा, आम्ही कॅलक्युलेटरशिवाय काढतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. तुमच्या गटातली जी मावशी व्याज तोंडी सांगते, तिलाच आकड्याचा धडा घ्यायला लावा. शिकवणारी एकटी सूनबाई नको. मावशीनं हिशेब शिकवायचा आणि सुनेनं अक्षर. मग 'काल आलेली पोरगी मला शिकवती' हा सल राहत नाही.

याच धड्यात पिनची गोष्ट घाला. पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे येताना लागत नाही. 'पैसे टाकतो, पिन दाबा' असं फोनवर कुणी म्हणालं की फोन ठेवायचा. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा' म्हणून खोटे मेसेजही येतात. तिथं 'सी' बघून भुलायचं नाही, शिल्लक बघायची.

दवाखान्याची इंग्रजी थोडीच आहे. चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. बीडी म्हटलं की हशा पिकणारच, पिकू द्या. खरं तर ही इंग्रजीसुद्धा नाही, लॅटिन नावाची जुनी भाषा आहे, तेव्हा न समजण्यात लाज कसली? पाकिटावर 'ईएक्सपी'च्या मधोमध फुली असते. फुलीपुढची तारीख उलटली की गोळी घ्यायची नाही. 'एम'पुढची तारीख औषध बनवल्याची असते, ती वेगळी.

फवारणीचा डबाही बैठकीत दाखवा, रिकामा नव्हे, लेबल. रिकामा डबा घरात नकोच. लेबलवर तिरका चौकोन असतो, त्याचा खालचा भाग रंगवलेला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन' लिहिलेलं असतं. हिरवा म्हणजे बिनविषारी असा समज पुष्कळ घरांत आहे. तसं नाही. कपाशीवर फवारलेले कपडे धुणारी आपणच असतो, म्हणून हे आपल्याला यायला हवं.

वेळेचं काय? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन यायच्या. तिथं शिकवली ती मराठी अक्षरं. पण शाळेची वेळ बघा, दुपारी दोन ते चार, घरकाम आवरल्यावर. आपल्याकडं कापूस वेचणीत दुपारही मोकळी नसते आणि दिवाळीनंतर निम्म्या बाया ऊसतोडीला जातात. म्हणून वेगळा वर्ग काढू नका. गटाच्या बैठकीत बचत-परतफेड झाली की पंधरा मिनिटं. दशसूत्रीत शिक्षण आहेच, मग ते इतिवृत्तात लिहायला काय हरकत? तोडीला जाणाऱ्या ताईच्या फोनमध्ये दोन-तीन जुन्या मेसेजचे फोटो टाकून द्या, कोपीवर बसून बघेल.

चूक झाली तर सगळ्यांदेखत 'चुकलं' म्हणू नका. शेजारणीला विचारा, 'तुला काय दिसतंय?' दोघी मिळून काढतात.

बोलायची इंग्रजी ज्यांना माल विकायचा आहे त्यांनी आधी शिकावी. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला गिऱ्हाईक 'हाऊ मच?' म्हणतं, 'होममेड?' म्हणतं. चार सवाल, चार जबाब, एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, एकीनं दुकानदारीण. पापडाचं पाकीट हातात घेऊनच सराव करा, नुसता तोंडी होत नाही.

एक गोष्ट मात्र मिसळू नका. कर्जाचा कागद इंग्रजीत आला तर 'मला वाचता येत नाही' म्हणून मान खाली घालू नका, आणि आठ शब्द यायला लागले म्हणून मान वर करून सहीही करू नका. मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावं असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. 'मराठीत द्या' म्हणा. व्याज किती, फी किती, हप्ते किती, एकूण परत किती करायचे, हे मराठीत वाचल्याशिवाय सही नाही.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आधारची झेरॉक्स आणायची, नंबरावर कागदाची पट्टी चिकटवून. सोबत पासबुक, आणि फोनमधला शेवटचा बँकेचा मेसेज पुसायचा नाही. ओटीपीचा मेसेज कुणालाही दाखवायचा नाही, शिकवणाऱ्या ताईलासुद्धा नाही. खडू ग्रामसंघाकडून मिळतील, फळा अंगणवाडीताई देते म्हणाल्यात.